डेअरिंगवाले सिनेमावाले: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझं सिनेमाचं वेड घरात, ऑफिसात, सोसायटीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे कुणी ना कुणी काहीतरी विचारतंच. भाचा विचारतो, ऑफिसातल्या पोरी विचारतात, शेजारच्या काकू सुद्धा लिफ्टमध्ये विचारतात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात आणि मी दरवेळी तासभर बोलत बसते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलं. हे फक्त मराठी सिनेमाबद्दल आहे, कारण तो मी सगळ्यात जास्त बघितलाय आणि त्याच्यावरच माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

डेअरिंग म्हणजे काय? बोल्ड सीन का?

नाही. म्हणजे तेही असू शकतं, पण तेवढंच नाही. 1938 साली ब्रह्मचारीमध्ये मीनाक्षी शिरोडकर स्विमिंग कॉस्च्युम घालून पाण्यात उतरल्या तेव्हा केवढी खळबळ झाली होती, आणि त्या काळात एका मराठी घरातल्या बाईनं ते करायला काळीज लागतंच, मी त्याला कमी लेखत नाही. पण मी डेअरिंग कशाला म्हणते तर त्या माणसानं स्वतःचं काय पणाला लावलं त्याला. पैसा लावला, नाव लावलं, चाललेला धंदा सोडला, लोक काय म्हणतील ते अंगावर घेतलं, आणि तरी जे दाखवायचं होतं त्याच्यावरून कॅमेरा हलवला नाही. प्रेक्षकांना नुसता धक्का देणं फार अवघड नसतं. धक्का देऊन झाल्यावर तिथंच उभं राहणं अवघड असतं.

हे वेड तुला लागलं कुठून?

उंबरठा. दूरदर्शनवर लागला होता, मी शाळेत होते, कराडला आमच्या दोन खोल्यांच्या घरात शेजारचे पाच-सहाजण आणि आम्ही असे सगळे जमिनीवर बसून बघत होतो. जब्बार पटेलांचा 1982 चा पिक्चर, शांता निसळांच्या बेघर या कादंबरीवरचा. स्मिता पाटील सुलभा महाजन आहे, चांगलं खातंपितं घर, वकील नवरा, लहान मुलगी, आणि तिला नोकरी लागते ती लांबच्या गावातल्या महिला सुधारगृहात, सुपरिंटेंडंट म्हणून. ती जाते. आमच्याकडे जमलेल्या बायकांना तिथंच पटेनासं झालं होतं, एक काकू म्हणाल्या पण, अगं लेकरू टाकून कुठं चालली ही. मग त्या सुधारगृहात जे जे काय चालतं ते सगळं ती बघते, अंगावर घेते, हरते, नोकरी सोडून घरी येते, तर घरी नवऱ्याचं दुसरीकडे जुळलेलं. तो ते लपवत सुद्धा नाही, सरळ सांगतो. आणि ही परत घर सोडून निघते.

पिक्चर संपला, सगळे उठून गेले आणि आई भांडी घासायला बसली. एरवी पिक्चर झाला की आईची टकळी सुरू व्हायची, ह्याचं बरोबर, तिचं चुकलं, गाणी छान होती वगैरे. त्या दिवशी एक शब्द नाही, नुसता नळाचा आवाज. मला वाटलं आवडला नसेल. पण त्यानंतर कितीतरी वर्षांनी, माझी पहिली नोकरी लागली पुण्यात आणि मी बॅग भरत होते तेव्हा ती एकदम म्हणाली, त्या सुलभाला पुढं काम मिळालं असेल ना गं? मला आधी कळेचना कोण सुलभा. आईनं इतकी वर्षं तो पिक्चर डोक्यात ठेवला होता! तेव्हा मला कळलं की एखादा सिनेमा माणसाच्या आत जाऊन किती काळ बसू शकतो, आणि असले सिनेमे करणारी माणसं कोण असतात ते शोधायला मी तिथून सुरुवात केली.

मराठीतला पहिला डेअरिंगवाला कोण?

अर्थात दादासाहेब फाळके. तेव्हा भारतात असला धंदाच नव्हता हो. गिरगावात तंबूतल्या थेटरात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघितला आणि डोक्यात घेतलं की आपले देव पडद्यावर आणायचे. विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलले, 1912 ला लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, आणि पैसे लावणाऱ्यांना पटावं म्हणून मटारचं रोप कुंडीत वाढताना थोडं थोडं शूट करून दाखवलं. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र लागला.

पण मला इथं कायम सरस्वतीबाई फाळके आठवतात. नवऱ्यानं विमा गहाण टाकला तेव्हा ह्या बाईनं दागिने दिले, युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाक केला, वर रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, फिल्म धुतली. त्यांचं नाव घेतल्याशिवाय फाळक्यांचं नाव घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा बायका कामच करत नव्हत्या ना सिनेमात?

पहिल्या सिनेमात नाही. फाळक्यांनी पार वेश्यावस्तीत जाऊन विचारलं तरी कुणी तयार झालं नाही, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढं 1917 च्या लंकादहनमध्ये तर ह्याच साळुंक्यांनी राम पण केला आणि सीता पण. पण 1913 सालीच फाळक्यांच्या पुढच्या मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. कमलाबाई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची पोर. जे काम वेश्यावस्तीतल्या बायकांनी पण नाकारलं होतं ते एका आईनं केलं आणि सोबत मुलीलाही घेऊन गेली, विचार करा काय काय ऐकून घेतलं असेल तिनं. ह्या कमलाबाई म्हणजे कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी.

मग 1932 ला अयोध्येचा राजा, मराठीतला पहिला बोलपट, त्यात दुर्गा खोटे तारामती. चांगल्या श्रीमंत, शिकलेल्या घरातली बाई सिनेमात आली हीच तेव्हा बातमी होती. वीस वर्षांत तारामतीचा एकच रोल साळुंक्यांपासून दुर्गाबाई खोट्यांपर्यंत आला, मला हे फार भारी वाटतं.

जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे बोअर नाही का होत?

हा प्रश्न माझा भाचा दर सुट्टीत विचारतो. मी त्याला कुंकू लावून दिला आणि म्हणलं अर्धा तास बघ, नाही आवडला तर बंद कर. पूर्ण बघितला त्यानं.

1937 चा प्रभात फिल्म कंपनीचा पिक्चर, दिग्दर्शक व्ही. शांताराम, ना. ह. आपट्यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर. गोष्ट अशी की नीरा नावाच्या अनाथ मुलीचं लग्न तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावतो. त्या काळात असली लग्नं सर्रास व्हायची आणि मुली गप बसायच्या. ही गप बसत नाही. मारत नाही, पळून जात नाही, नुसतं म्हणते की हे लग्न मला मान्य नाही, आणि त्याच घरात राहून ते रोज म्हणत राहते. सावत्र मुलगा, तिच्यापेक्षा मोठा, अंगचटीला यायला बघतो तेव्हा छडीनं फोडून काढते त्याला. शांता आपटेंनी जे केलंय ना त्यात, ती मान वर करून बघायची पद्धत, ती आजच्या हिरॉइन्समध्ये सुद्धा मला क्वचित दिसते.

आणि आता जी गोष्ट ऐकून भाचा उठून बसला ती सांगते. पूर्ण पिक्चरमध्ये बॅकग्राउंड म्युझिक नाही. शून्य. 1937 साली, जेव्हा बोलपट म्हणजे गाणी आणि वाद्यं असंच समीकरण होतं, शांतारामांनी ठरवलं की फक्त घरातले आणि रस्त्यावरचे खरे आवाज वापरायचे. घड्याळाचा ठोका, भांडी, दार, पावलं. गाणी आहेत पण ती पण माणसं खरंच जिथं गातील तिथंच. त्यामुळे होतं काय की केशवराव दातेंचा तो म्हातारा एकटा खोलीत असतो तेव्हा तुम्हाला वाईट वाटायला सांगणारं सारंगी वगैरे काही नाही, तुम्हीच ठरवा काय वाटायचं ते. आरशाचा सीन बघा. फुटलेल्या आरशाचे तुकडे आणि प्रत्येक तुकड्यात त्याचा तोच म्हातारा चेहरा. त्याला व्हिलन केला असता तर सोपं झालं असतं, पण सिनेमा त्याला कळायला वेळ देतो आणि शेवटी त्याला कळतं.

अजून एक. त्या वकिलाची विधवा, समाजसेवा करणारी मुलगी, जी नीराच्या बाजूनं उभी राहते, तो रोल केलाय शकुंतला परांजपेंनी. ह्या बाई खऱ्या आयुष्यात संततिनियमनाचा प्रचार करत होत्या, ज्या काळात त्या विषयावर चारचौघात बोलणं म्हणजे पाप समजायचे. सई परांजपेंच्या आई. म्हणजे पडद्यावरची समाजसेविका आणि खरी समाजसेविका एकच.

शांता आपटेंनी स्टुडिओच्या गेटवर उपोषण केलं होतं, खरंय का?

खरंय. 1939, प्रभातच्या गेटवर, काँट्रॅक्टवरून वाद झाला आणि त्या तिथंच ठाण मांडून बसल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी जाऊ मी सिनेमात? नावाचं पुस्तक लिहिलं, आतून हा धंदा कसा चालतो त्याबद्दल. नीरा त्या बाईच्या अंगातच होती. ते गेट जिथं होतं ती जागा म्हणजे आजचं एफटीआयआय, म्हणजे पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, लॉ कॉलेज रोडला. मी तिथून जाताना दरवेळी गेटकडे बघते.

राजकारणावर बोलायची हिंमत कुणी केली?

सामना आणि सिंहासन, ह्या दोघांच्या वरताण आजही मला काही सापडलं नाही.

सामनाची गंमत बघा. निर्माता रामदास फुटाणे, पेशानं शाळेत चित्रकलेचे शिक्षक. लेखक विजय तेंडुलकर. दिग्दर्शक जब्बार पटेल, लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना. मास्तरांच्या रोलमध्ये श्रीराम लागू, ते पण डॉक्टर. ही मंडळी उठून साखर कारखान्याच्या चेअरमनवर पिक्चर काढतात, महाराष्ट्रात, सत्तरच्या दशकात, जेव्हा अख्खा तालुका त्या चेअरमनच्या खिशात असायचा. एक दारुडा मास्तर गावात येतो आणि एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न सिनेमातून बाहेर आला आणि मराठी बोलण्यात कायमचा बसला, आमच्याकडे आजही काही दाबलं गेलं की माणसं हेच म्हणतात. 1975 ला हा पिक्चर बर्लिनच्या फेस्टिवलला गेला होता.

मग 1979 ला सिंहासन, अरुण साधूंच्या मुंबई दिनांक आणि सिंहासन ह्या दोन कादंबऱ्यांवर. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, खुर्चीवर डोळा असलेले अर्थमंत्री लागू, आणि हे सगळं बघणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. एकही माणूस पूर्ण चांगला नाही, एकही पूर्ण वाईट नाही. मी दर निवडणुकीनंतर परत बघते.

निळू फुले तर व्हिलन होते ना?

पडद्यावर. आमच्या आजीच्या वयाच्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. खरे निळूभाऊ म्हणजे राष्ट्र सेवा दलाचा माणूस, पुण्यात एएफएमसी या मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेला, आयुष्यभर समाजवादी चळवळीत राहिलेला. मला हे सगळ्यात मोठं धाडस वाटतं, की एवढ्या साध्या माणसानं वर्षानुवर्षं लोकांचा राग स्वतःच्या चेहऱ्यावर घेतला आणि कधी गोड दिसायचा आग्रह धरला नाही. कारण गावागावात तो पाटील, तो चेअरमन खरंच होता आणि कुणीतरी तो दाखवायलाच हवा होता.

डॉ. लागूंनी खरंच डॉक्टरकी सोडली?

हो. नाक-कान-घशाचे सर्जन, चांगली चालू असलेली प्रॅक्टिस, आणि 1969 ला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सगळं बंद करून पूर्णवेळ नट. पुढच्याच वर्षी नटसम्राट. आपल्यातलं कुणी बेचाळिसाव्या वर्षी पगार सोडून नाटकात जाईल का सांगा, मी नसते गेले.

स्मिता पाटीलनी नमक हलाल पण केला, मग?

मग काय? उंबरठा आणि नमक हलाल एकाच वर्षी, 1982. लोक हे असं विचारतात जणू चोरी पकडली. कमर्शियल सिनेमे केले म्हणून भूमिका, चक्र, जैत रे जैत, उंबरठा पुसले जात नाहीत. बाईला नॅशनल अवॉर्ड मिळालं पहिल्यांदा भूमिकासाठी, 1977 च्या, जो हंसा वाडकरांच्या सांगत्ये ऐका या आत्मचरित्रावर आहे, आणि परत चक्रसाठी. 13 डिसेंबर 1986 ला गेली तेव्हा फक्त एकतीस वर्षांची होती. तेवढ्यात तिनं जे केलं ते बघून मला अजूनही गलबलतं, त्यामुळे ह्या प्रश्नावर मी जरा चिडते.

फँड्रीमध्ये एवढं काय आहे?

बसा मग.

नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा, 2014 च्या फेब्रुवारीत थेटरात आला. जब्या नावाचा कैकाडी पोरगा, शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर जीव आहे, आणि गावाला डुकरं पकडून द्यायचं काम ह्याच्या घराकडे. जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, ज्यानं त्याआधी कॅमेरा बघितला नव्हता, गावात हलगी वाजवायचा, तिथं मंजुळेंच्या नजरेत भरला. बाप किशोर कदम, म्हणजे आपले कवी सौमित्र. आई छाया कदम.

आता शेवटाकडचा तो सीन. गावाची जत्रा आहे, डुकरं मध्ये येतात म्हणून ह्या अख्ख्या कुटुंबाला डुकरं पकडायला लावलंय, आई, बाप, बहिणी, सगळे. शाळेच्या शेजारीच. वर्गातली पोरं कंपाउंडवरून बघतायत, हसतायत, आणि शालू पण बघतीये. जब्या लपायला बघतो. बाप ओरडतो. कसंबसं डुक्कर टप्प्यात येतं, आता झेप घेतली की सापडलंच, आणि तेवढ्यात शाळेत जन गण मन सुरू होतं.

जब्या थांबतो. ताठ उभा राहतो. मग बाप पण थांबतो. सगळं घर चिखलात, घामाघूम, सावधान मध्ये उभं, आणि ते डुक्कर आरामात त्यांच्या समोरून निघून जातं.

मी हा सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा थेटरात आधी थोडं हसू आलं होतं, मागच्या रांगेतून, माझ्याही तोंडावर आलं होतं खरं तर. मग राष्ट्रगीत चालूच राहिलं आणि हसू विरत गेलं, आणि कुणीतरी खुर्चीवरून उठून उभं राहिलं, मग दोघं-तिघं, मग सगळे, आणि आम्ही पण उभे, ते पण उभे, आमच्या अंगावर स्वच्छ कपडे आणि त्यांच्या अंगावर चिखल. मंजुळेंनी एक डायलॉग नाही टाकला. मग डुक्कर सापडतं, काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, शाहू महाराज, गाडगेबाबा. कॅमेरा तिथं बोट दाखवत नाही, नुसता बघत राहतो. आणि शेवटी जब्याचा दगड सरळ आपल्याकडे येतो आणि पडदा काळा.

माझ्या एका मैत्रिणीनं नंतर विचारलं, आपण काय केलंय, आपल्याला का दगड? मी म्हणलं मागच्या रांगेतून हसलो होतो की आपण.

सोमनाथला ह्या रोलसाठी बालकलाकाराचं नॅशनल अवॉर्ड मिळालं.

सैराटचा शेवट तसा करायची काय गरज होती?

गरज होती म्हणूनच केला. 2016, अख्खा महाराष्ट्र झिंगाटवर नाचत होता, लोक थेटरात उठून नाचत होते, आणि त्याच माणसांना शेवटी मंजुळेंनी पूर्ण शांततेत बसवलं. ते छोटं मूल, ती पावलं, आणि आवाज नाही. एवढा हिट होऊ शकणारा सिनेमा हातात असताना शेवट गोड करायचा मोह किती मोठा असेल! आणि रिंकू राजगुरूचं काय सांगू, दहावी पण न झालेली अकलूजची पोरगी, बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि मराठी सिनेमातली हिरॉईन कशी असते ह्याची सगळी गणितं पुसून टाकते.

कोर्ट फार स्लो आहे असं ऐकलंय.

स्लो आहे. आपली कोर्टं पण स्लोच असतात ना.

चैतन्य ताम्हाणेचा पहिला सिनेमा, 2014, व्हेनिस फेस्टिवलला दोन अवॉर्ड्स घेतली आणि नंतर सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट सिनेमाचं नॅशनल अवॉर्ड. एक म्हातारा लोकशाहीर, नारायण कांबळे, त्याच्यावर केस अशी की त्याचं गाणं ऐकून एका गटारात उतरणाऱ्या कामगारानं जीव दिला. बास. ही केस चालते, तारखा पडतात. शाहिराचं काम केलंय वीरा साथीदारांनी, नागपूरचे, स्वतः आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, नट नव्हतेच ते. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडमध्ये गेले. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, आणि हा रोल मला फार आवडतो कारण ती कोर्टात त्या म्हाताऱ्याचा जीव काढते आणि तिथून निघून पोराला पाळणाघरातून घेऊन घरी स्वयंपाकाला लागते, आपल्यासारखीच. तिच्यावर राग धरायला जावं तर धरता येत नाही.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. माणसं उठतात, जातात. शिपाई एकेक दिवा बंद करत जातो, आणि कॅमेरा तिथंच. रिकामी खोली, काळोख. इथं पहिल्यांदा बघणाऱ्या सगळ्यांना वाटतं संपला पिक्चर, काहीजण उठतात पण. संपलेला नसतो. पुढं काय ते सांगत नाही, पण तो अंधार किती वेळ ठेवलाय ते बघा. नवीन दिग्दर्शकाला तिथं कट मारायची घाई होते, ह्या पोरानं नाही केली.

न्यूड घरच्यांबरोबर बघू का?

बघा, फक्त मुलं मोठी असू देत, ए सर्टिफिकेट आहे. नटरंग, टाइमपास असले तुफान चाललेले पिक्चर देऊन झाल्यावर रवी जाधवांना तसंच काहीतरी अजून काढता आलं असतं, त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट घेतली. 2017 ला गोव्याच्या इफ्फी फिल्म फेस्टिवलमध्ये ज्यूरीनं निवडलेला असताना यादीतून काढला, त्यावर ज्यूरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. 2018 च्या एप्रिलमध्ये लागला. कल्याणी मुळेनं यमुनाचं काम केलंय, आणि छाया कदम परत आहेच. ती बाई पोराच्या शिक्षणासाठी बसते तिथं, आणि काय काम करते ते पोराला सांगू शकत नाही. अंग दिसतं पण बघणाऱ्याला त्यात काही चाळवण्यासारखं मिळत नाही, नजर कुठं ठेवायची हे दिग्दर्शकाला पक्कं माहिती आहे.

शांत स्वभावाचे सिनेमे करणाऱ्यांना पण डेअरिंगवाले म्हणतेस का?

सुमित्रा भावेंना म्हणतेच म्हणते. ह्या बाई समाजकार्य शिकवायच्या, कॅमेऱ्याचा संबंध नव्हता, आणि झोपडपट्टीतल्या बायकांशी बोलायचं तर रिपोर्ट लिहून उपयोग नाही, पिक्चर दाखवावा म्हणून 1985 ला बाई नावाची फिल्म काढली, चाळिशी ओलांडल्यावर. मग सुनील सुकथनकरांबरोबर दोघी, दहावी फ, वास्तुपुरुष, देवराई, अस्तु, कासव. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया, डिप्रेशन, असले विषय जे आपल्याकडे नातेवाईकांपासून सुद्धा लपवतात. कासवला 2017 ला सुवर्णकमळ मिळालं. त्यात डॉ. मोहन आगाशे निर्माते, आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. आमच्या घरात एका जवळच्या माणसाला डिप्रेशन होतं, चार वर्षं आम्ही त्याला आळस म्हणत होतो. कासव बघून आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्यामुळे ह्या बाईंचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही.

एवढे चांगले सिनेमे असतात तर थेटरात का नाही दिसत?

शो मिळत नाहीत. मिळाले तर सकाळी साडेनऊचा नाहीतर दुपारी अडीचचा, वर्किंग डेला. मी एकदा हाफ डे टाकून गेले होते एका मल्टिप्लेक्समध्ये, तिकीट काढलेलं, आणि काउंटरवर सांगितलं की मॅडम चारच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल, पैसे परत मिळतील. आम्ही चौघं अनोळखी माणसं तिथं उभी, एक आजोबा तळेगावहून लोकल पकडून आलेले. मग आम्ही खाली चहा प्यायला गेलो आणि तासभर न बघितलेल्या पिक्चरवर बोललो. सांगायचा मुद्दा, पहिल्या तीन दिवसांत जा. सोमवारनंतर असले सिनेमे निघून जातात.

आणि पैशाचं म्हणाल तर श्वास आठवा, 2004. श्यामची आईनंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ आलं, सिनेमा ऑस्करला भारताकडून गेला, तर तिथल्या प्रचाराला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली.

आत्ता कुणी करतंय का असलं काही?

करतायत की! रोहन कानवडेंचा साबर बोंडं, 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला ग्रँड ज्युरी प्राइझ घेऊन आला, तिथं गेलेला पहिला मराठी सिनेमा. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि लहानपणीचा मित्र बाळ्या परत भेटतो, आणि त्या दोघांचं प्रेम. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट गावात, सुतकात, नातेवाइकांच्या लग्न कधी करतोस च्या माऱ्यात सांगितलीये. मला वाटायचं अशी गोष्ट शहरातच सांगतील.

आणि छाया कदम. फँड्रीतली आई, न्यूडमधली चंद्राक्का, आणि 2024 ला कान फेस्टिवलमध्ये ग्राँ प्री मिळालेल्या ऑल वी इमॅजिन ॲज लाइटमधली पार्वती, जिला मुंबईतलं घर सोडून रत्नागिरीला जावं लागतं. इतकी वर्षं आया आणि शेजारणी करत करत ही बाई कुठं जाऊन पोचली! बातमी वाचून मी ऑफिसात मोठ्यानं ओरडले होते.

मी कधीच असले सिनेमे बघितले नाहीत, सुरुवात कुठून करू?

फँड्रीपासून करा, गोष्ट लगेच पकडते. मग सामना. मग उंबरठा, पण तो आईबरोबर बघा, आई नसेल तर सासू, मावशी, कुणीतरी मोठी बाई बरोबर हवी. कोर्ट एकट्यानं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. कासव आजारी माणूस घरात असेल तर लवकर बघा, नसेल तर सावकाश. आणि कुंकू बघाल तेव्हा पंखा बंद करा आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवा, घड्याळ ऐकू आलं पाहिजे.